बुधवारची मॅच आणि सव्वासहाची बस

आमच्या गावच्या टीमने जिंकलेल्या मॅचेस एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. तो हात आमच्या आजोबांचा घेतलात तरी चालेल, आणि आजोबांची दोन बोटं कापणीत विळ्याने गेली होती! पण किस्से विचाराल तर पोतं भरून वर शीग लागेल. जिंकणाऱ्यांचं काय असतं, कप कपाटात ठेवला की विषय संपला. हरणाऱ्याला मात्र चहाबरोबर काहीतरी सांगावंच लागतं, आणि दरवर्षी त्यात भर पडत जाते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव महाड-पोलादपूर रस्त्याला अगदी चिकटून. एमआयडीसी नवीनच सुरू झालेली, आणि मी तिथल्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला क्लार्क. कामाच्या दिवशी कामगारांच्या हजेरीचं मस्टर सांभाळायचं, सुटीच्या दिवशी टीमची स्कोअरबुक. मला बॅट धरता येत नव्हती, पेन धरता येत होतं. एवढीच माझी क्रिकेटमधली लायकी!

* * *

आमचं ग्राउंड म्हणजे भात कापून रिकामं झालेलं खाचर. मधून एक बांध जायचा. बांधावर आपटून बॉल कुठे उडेल ते देवालाही ठाऊक नसायचं, त्यामुळे तिथे आम्ही सगळ्यात आळशी माणूस उभा करायचो. पळून तरी काय उपयोग?

एका बाजूला पार्वतीकाकूंचं शेत. त्यात त्या कडवे वाल लावायच्या. वालात बॉल पडला की आम्ही सगळे रोपं तुडवत शोधायला धावायचो. एक दिवस काकू कोयता घेऊनच बांधावर येऊन बसल्या आणि त्यांनी नियम केला, "ज्याचा बॉल माज्या वालात, तो आऊट!"

कुणाची बोलायची छाती झाली नाही. पण त्या दिवशी मुंबईहून सुटीवर आलेला एक जण खेळत होता. कडक इस्त्रीची पँट, गळ्यात रुमाल. त्याने टोलवलेला बॉल थेट वालात. काकू म्हणाल्या, "चल, निघ."

तो म्हणाला, "अहो काकू, सिक्सर आहे ही! क्रिकेटच्या नियमात असं आऊट नसतं."

काकूंनी शांतपणे विचारलं, "तुज्या नियमात वाल हाय?"

त्याने एकदा वालाकडे बघितलं, एकदा काकूंच्या कोयत्याकडे. मग बॅट ठेवून निघून गेला. त्या दिवसापासून तो नियम पोलादपूरच्या टीमनेही मान्य केला.

* * *

आमचा कॅप्टन हसनभाई. त्याचा टेम्पो होता, भाऊ कुवेतला होता, त्यामुळे कॅप्टन तोच असणार हे उघडच होतं. भावाने एकदा तिकडून पॅड पाठवले. पांढरेशुभ्र, बक्कलवाले. अख्खं गाव बघायला आलं! पण जोडी एकच. बॅट्समन दोन आणि पाय चार. तेव्हा हसनभाईने वाटणी केली, एकेकाला एकेक पॅड.

आता खरी मजा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय पुढे येतो. म्हणजे दोघेही उजवे असले की दोघांनाही डाव्या पायाचाच पॅड पाहिजे. उजव्या पायाचा पॅड उलटा बांधून पळणारा माणूस तुम्ही बघितलाय का? आम्ही बघितलाय. तो रन काढायला निघायचा आणि बांधाकडे जायचा!

टीममध्ये डावखुरा एकच, भिकू. त्याला उजव्या पायाचा पॅड लागायचा. म्हणजे भिकू एका टोकाला असेपर्यंत सगळं सुरळीत. तो आऊट झाला की डाव्या पॅडवरून पिचवर मारामारी! म्हणून भिकूला पहिला पाठवायचा आणि शेवटपर्यंत टिकवायचा, ही आमची स्ट्रॅटेजी. एकदा पोलादपूरवाल्यांनी विचारलं, "तुमची बॅटिंग ऑर्डर ठरवतो कोण?" हसनभाई म्हणाला, "बक्कल."

* * *

या भिकूचं सांगायला हवं. मुंबईत गिरणीत होता. गिरणी बंद पडली, बिचारा दोन वर्षं घरी बसला. मग आमच्या कंपनीत टेंपररी लागला. बॅचमधल्या लोकांना पर्मनंट करायची यादी निघणार होती आणि तिच्यात भिकूचं नाव होतं. अट एकच, सहा महिन्यांत तीन खाडे झाले की नाव कट.

आणि भिकूचे दोन खाडे झाले होते. दोन्ही मॅचपायी!

आमचे टाइमकीपर मोरेसाहेब. पोलादपूरचे. माणूस म्हणजे घड्याळ, फक्त काटे बाहेर दिसत नव्हते एवढंच. पहिल्या खाड्याला भिकूने खरं कारण सांगितलं, "साहेब, मॅच होती." साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि मस्टरवर खाडा मारला. दुसऱ्या खाड्याला भिकू शहाणा झाला. पोट धरून टाइम ऑफिसात आला. "साहेब, काल पोटात लय दुखत व्हतं."

मोरेसाहेब म्हणाले, "सत्तेचाळीस रन काढताना, की नंतर?"

भिकू गारच पडला! त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं, की पोलादपूरच्या टीमचा कॅप्टन विजू हा मोरेसाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ. ते सत्तेचाळीस रन त्याच्याच बोलिंगवर निघाले होते.

घरी सुमनवहिनींनी भिकूला बजावलं, "आता येक जरी खाडा पडला ना, तर बॅट चुलीत घालीन न् तिच्यावर भात शिजवीन. तोच खा!" वहिनींचंही बरोबर होतं. दोन वर्षं त्या बाईने लोकांच्या शेतात मजुरी करून घर चालवलं होतं. भिकूलाही ते कळत होतं, नाही असं नाही. पण बॅट दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची, त्याला तो तरी काय करणार?

* * *

तर दिवाळी होऊन गेल्यावर पोलादपूरवाल्यांनी मॅचचं आव्हान दिलं. बुधवारी. बुधवारी माझी सुटी असायची, म्हणून मी मोकळा. भिकूची मात्र त्या दिवशी रात्रपाळी. सात वाजता पाळी सुरू, आणि पोलादपूरहून येणारी कंपनीची बस आमच्या खाचराजवळच्या स्टॉपवर सव्वासहाला.

हसनभाईने जमिनीवर काडीने गणित मांडलं. "तीनला सुरू. बारा-बारा ओव्हर. पाचला खलास. भिकू घरी जाईल, चहा पिईल, एक झोप काढंल, तरी बस यायची असंल."

वहिनींचा गणितावर विश्वास नव्हता. त्या भिकूचा युनिफॉर्म आणि डबा घेऊन तीन वाजताच बाउंडरीवर येऊन बसल्या.

पोलादपूरवाले आले पावणेचारला. आकाश भरून आलेलं, उजेड मळकट. त्यांची बॅटिंग सुरू झाली आणि सातव्या ओव्हरला महाबळेश्वरच्या बाजूने असा गडगडाट झाला म्हणता! आमचा बोलर अर्ध्या रनअपवर होता. तो तसाच वळला आणि बॉल टाकून गावाकडे पळत सुटला. त्याच्या मागे विकेटकीपर. त्याच्या मागे सगळे फिल्डर. अहो, घरोघरी भाताचे भारे खळ्यावर उघडे पडलेले! वर्षाचं अन्न भिजलं असतं. अंपायर कांबळे गुरुजी, त्यांचंही खळं उघडं, तेही धावले. मीसुद्धा स्कोअरबुक बगलेत मारून पळालो.

पोलादपूरवाल्यांचं भात पोलादपुरात. ते निवांत!

पाऊण तास आम्ही ताडपत्र्या ओढत होतो. पाऊस काही पडला नाही. परत आलो तर काय, ग्राउंडवर त्यांचे दोन बॅट्समन हातपाय पसरून उताणे पडलेले, जिभा बाहेर. विजू पुढे आला आणि म्हणाला, "एकसष्ट रन लिहा."

"कसले एकसष्ट?"

"बॉल तसाच पडला होता. डेड कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही पळत होतो!"

प्रकरण गुरुजींकडे गेलं. गुरुजींनी उपरण्याने घाम पुसला. "मी इथे नव्हतो. मी बघितलं नाही ते झालं नाही."

"अहो गुरुजी, मग आमची पोरं एवढी दमली त्याचं काय?"

गुरुजी म्हणाले, "त्यांना पाणी द्या."

* * *

गुरुजींचं एक बाकी मानायला पाहिजे. दोन्ही गावांना चालेल असा पंचक्रोशीत तो एकच अंपायर. त्यांनी स्वतःच्या सख्ख्या जावयाला पहिल्या बॉलवर एलबीडब्ल्यू दिलेलं, तेही दिवाळसणाला आलेला असताना!

फक्त अपील शाळेच्या पद्धतीने करावं लागायचं. अकरा जण एकदम ओरडले की गुरुजी पाठ फिरवायचे. "हा वर्ग आहे, बाजार नाही. ज्याला विचारायचंय त्याने हात वर करावा."

मग एक जण हात वर करायचा. गुरुजी त्याच्याकडे बोट दाखवायचे, "हं, तू बोल." तो बोलायचा, "गुरुजी, आऊट आहे का?" तोपर्यंत बॅट्समन पुढचा बॉल खेळायला तयार होऊन उभा असायचा.

* * *

आमची बॅटिंग सुरू झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. त्र्याऐंशी रन करायचे होते. पहिल्या तीन ओव्हर बऱ्या गेल्या, मग अंधारून यायला लागलं. एका बाजूने विकेटी पडत होत्या आणि दुसऱ्या बाजूला भिकू उभा. प्रत्येक ओव्हर झाली की तो रस्त्याकडे बघायचा, मग बायकोकडे, आणि मग विजूला सिक्सर मारायचा.

सहाच्या सुमारास बॉल दिसेनासा झाला. हसनभाई अजून बॅटिंगला यायचा होता. त्याने टेम्पो आणला, रस्त्याच्या कडेला, बरोबर बॅट्समनच्या पाठीमागे उभा केला आणि हेडलाइट लावले. अप्पर!

आता विजू बोलिंगला. पळत आला तो थेट त्या झोतात. डोळे मिटले, हात फिरवला. बॉल गेला बॅट्समनपासून पंधरा फूट लांब उभ्या असलेल्या त्यांच्याच बबनकडे. बबनने झेलला आणि सवयीने हात वर केला.

गुरुजी म्हणाले, "हं, तू बोल."

"गुरुजी, कॅच."

"कोणाचा?"

बबनने इकडे तिकडे बघितलं. "माझाच असंल."

"खाली बस," गुरुजी म्हणाले. आणि वाइड दिला.

विजू भडकला. "हसनभाई, लाइट खाली घ्या! हे क्रिकेट आहे का ट्रकचा घाट?" शेवटी गुरुजींनी तोडगा काढला, बॉल टाकताना डिप्पर, रन काढताना अप्पर. हसनभाईचा क्लीनर टेम्पोत बसून इमानेइतबारे दांडी वरखाली करत राहिला. शेवटची ओव्हर सुरू झाली आणि बॅटरी उतरली. गुडूप!

* * *

आता शेवटचं. हे मी अनेकांना सांगितलंय, आणि खरं म्हणजे माझाच अजून विश्वास बसत नाही.

नऊ विकेट गेलेल्या. भिकू स्ट्राइकला, समोर हसनभाई, एकेक पॅड बांधून. एक बॉल, दोन रन. आणि पोलादपूरच्या बाजूने बस आली!

बसमध्ये अर्धे पोलादपूरचे, अर्धे वाटेतल्या गावांचे. ड्रायव्हर गणपतमामा. पुढच्या सीटवर, दाराशी, मोरेसाहेब. त्या दिवशी नेमकी त्यांचीही रात्रपाळी. बस थांबली, हॉर्न वाजला. भिकू जागच्या जागी नाचायला लागला. बॅट टाकावी तर मॅच गेली, टाकू नये तर नोकरी! रडकुंडीला आला होता बिचारा.

तेवढ्यात सुमनवहिनी उठल्या. मला वाटलं, आता ही बाई नवऱ्याच्या बखोटीला धरून बसमध्ये कोंबणार. त्या तरातरा गेल्या आणि बसच्या पायरीवर आडव्या उभ्या राहिल्या. एका हातात डबा, दुसऱ्यात युनिफॉर्म.

"येकच बॉल ऱ्हायलाय साहेब! थांबा!"

मोरेसाहेबांनी घड्याळ बघितलं. "साठ सेकंद."

विजूने बॉल टाकला. भिकूने डोळे मिटून बॅट फिरवली. कड लागली, बॉल विकेटकीपरच्या डोक्यावरून उंच रस्त्याकडे. त्या बाजूला रस्ता इतका जवळ, की बाउंडरी धरायला जागाच नव्हती. बॉल परत येईपर्यंत पळायचं, हाच नियम. बॉल डांबरावर आपटला, उसळला, वहिनींच्या कानाजवळून बसमध्ये शिरला आणि सीटखाली गडप! बबन त्याच्या मागे बसमध्ये घुसला.

भिकू पळत हसनभाईच्या टोकाला गेला. एक रन झाला. वळला. आता परत स्टंपांकडे, म्हणजे रस्त्याकडेच. बसमधून बबन ओरडला, "सापडला!" साहेब म्हणाले, "साठ." वहिनी खाली उतरल्या, गणपतमामाने गिअर टाकला. आणि भिकू? तो थांबलाच नाही! क्रीज, स्टंप, विकेटकीपर, सगळं मागे टाकून बॅट आणि पॅडसकट धावत्या बसच्या पायरीवर चढला. वहिनींनी डबा आणि कपडे खिडकीतून आत फेकले. बस गेली.

ग्राउंडवर एकच गोंधळ! विजू म्हणे, तो तिरका पळाला, क्रीजला बॅट टेकवलीच नाही, मॅच आमची. हसनभाई म्हणे, टेकवली, मॅच आमची. दोघांनी शिस्तीत हात वर केले.

गुरुजी म्हणाले, "अंधारात मला दिसलं नाही. आणि बॉल गेला बिरवाडीकडे, फिल्डर गेला, बॅट्समन गेला. मी आऊट देऊ कोणाला?"

निकाल राहिला.

तिकडे बसमध्ये वेगळंच. बबनने भिकूच्या पाठीला बॉल लावला आणि ओरडला, "आऊट!" झालं, बसचे दोन तट पडले. आवाज एवढा वाढला की गणपतमामाने बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणाला, "माझं ऐका. दाराच्या आत आला तर क्रीजच्या आत आलाच की!" त्यावर वीस मिनिटं चर्चा! मोरेसाहेब पुढे बघत बसले होते.

कंपनीच्या गेटवर बस पोचली तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. बस उशिरा आली तर कामगारांचा खाडा धरायचा नाही, असा नियम होता. पण ज्याच्यामुळे बस उशिरा आली त्याचं काय करायचं, हे नियमात नव्हतं. ते टाइमकीपरने ठरवायचं.

लाइनमध्ये भिकू सगळ्यात शेवटी. एका पायात पॅड, काखेत बॅट. त्याचा नंबर आला. साहेबांनी विचारलं, "बॅट टेकवली होतीस?"

"टेकवली साहेब."

"पोटात दुखत होतं तशी?"

"नाय साहेब. आईची शपथ. खरी टेकवली."

साहेबांनी मस्टर जवळ ओढलं, काहीतरी लिहिलं, मस्टर मिटलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "जा कामाला."

काय लिहिलं, विचारायची भिकूची हिंमत झाली नाही. रात्रभर पाइपलाइन धुताना त्याने चार वेळा चुकीचा व्हॉल्व्ह धरला, असं त्याच्या बरोबरचे सांगत होते.

सकाळी सातला पाळी सुटली, पण तो घरी गेला नाही. मी आठच्या ड्यूटीला पोचलो तर गेटवर हा मेळावा! भिकू पॅड मांडीवर घेऊन बसलेला. शेजारी सुमनवहिनी, पहाटेच्या दुधाच्या गाडीने आलेल्या, तोंडाला पदर लावून. हसनभाई. विजू आणि त्याचे तिघं-चौघं. कांबळे गुरुजी शाळेत जायच्या आधी सायकल घेऊन आलेले. मॅचचं नावही कोणी काढत नव्हतं. भिकू मला म्हणाला, "दादा, काय आसंल ते सांग. लपवू नको."

मी टाइम ऑफिसात गेलो. मोरेसाहेबांनी किल्ली पुढे सरकवली आणि स्वतःचा डबा उचलून घरी निघाले. कपाट उघडलं. मस्टर काढलं. बुधवार, रात्रपाळी. वरपासून खालपर्यंत सगळ्यांपुढे निळ्या शाईत ‘हजर’, ‘हजर’, ‘हजर’.

भिकूचं नाव शेवटी. त्याच्यापुढे, मोरेसाहेबांच्या मोत्यासारख्या अक्षरात, लाल शाईने लिहिलं होतं: ‘नाबाद’.